एकोणीस दाखले

देवराज मोहल्ल्यातल्या विठ्ठलरावांच्या टेलरिंगच्या दुकानात एक उंच तरुण हात पसरून उभा होता आणि फोनवर बिनधास्त सांगत होता, "अगं आई, कोट शिवायला टाकतोय, पण इथल्या कानडी टेलरना मराठीचा गंध नाही. बाह्या कुठवर येतील, देव जाणे!"

"मनगटापर्यंत येतील," माप घेणाऱ्या विठ्ठलरावांच्या मागून त्यांची लेक वर्षिणी म्हणाली. "अप्पांना मराठी येते. सुम्मने... उगीच गप्प बसलेत ते."

तो कानापर्यंत लाल झाला. लाजणारा पुरुष बरा दिसतो की, असं वर्षिणीला वाटून गेलं.

सोमवारी तोच कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्या टेबलासमोर! विश्वेश माने, मूळचा सांगलीचा, अर्थशास्त्राचा कंत्राटी प्राध्यापक. दुष्काळातल्या धान्याच्या भावांबद्दल जुन्या विचारवंतांनी काय म्हटलं, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. आता कायम जागेसाठी मुलाखत होती. त्याच्या संशोधनाचा प्रभाव किती, म्हणजे इतर अभ्यासकांनी त्याचे दाखले किती दिले, हे मोजून अहवाल देणं ग्रंथपाल वर्षिणीचं काम.

"तिकडे अप्पा माप घेतात, इकडे तुम्ही!"

"अप्पा स्वल्प सैल ठेवतात. मी नाही ठेवत."

"मग मी श्वास रोखूनच बसतो..."

तेव्हापासून स्वारी रोज येऊ लागली. कधी राहिलेला लेख द्यायला, कधी दिलेलाच पुन्हा द्यायला. बाहेर भुरभुर पाऊस, आत दोन कप कॉफी. वर्षिणी त्याचे लेख वाचू लागली – मोजण्यासाठी वाचावे लागत नाहीत, तरीही. एकदा तो सहज बोलून गेला, "जागा नाही मिळाली, तर जूनमध्ये सांगली." त्या दिवशी तिला कॉफी कडू लागली.

आणि मग घोळ सापडला. संगणकाने त्याच्या नावावर तीनशेवर दाखले दाखवले होते. त्यातले बहुतेक त्याच नावाच्या दुसऱ्या एका शास्त्रज्ञाचे निघाले, रेशीमकिड्यांच्या रोगांवरचे! विश्वेशचे स्वतःचे एकोणीस.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? जागा त्याची आणि... तोही इथेच. वर्षिणीने दोन दिवस तो विचार मनात घोळवला. नाही, तिच्याच्याने ते होईना. तिने त्याला बोलावून सगळं सांगितलं.

तो आधी पोट धरून हसला. मग हसू मावळलं.

"काढून टाका ते."

"अय्यो, पण जागा जाईल ना?"

"जाईल. पण दुसऱ्याचे किडे घेऊन मी वर्गात तोंड काय दाखवू?"

"तुम्ही सांगलीला गेलात तर मला... आवडणार नाही." एवढंच बोलून ती पुस्तकं लावायला पळाली.

पण आकडा खाली आणून ती थांबली नाही. ते एकोणीस दाखले तिने एकेक करून वाचले. बरेचसे नावापुरते होते. पण जपानमधल्या एका संशोधिकेने त्याच्या एका लेखावर अख्खं प्रकरण लिहिलं होतं; त्याचं म्हणणं वाचून आपलं मत बदललं, असं कबूलही केलं होतं. वर्षिणीने ते अहवालात आकड्याच्या खाली स्पष्ट मांडलं.

मुलाखतीच्या दुपारी ती फाटकापाशी उभी राहिली. तो आला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"कायम नाही केलं," तो म्हणाला. "आकडा कमी पडला. पण त्या प्रकरणाबद्दल अर्धा तास विचारत होते. एक वर्षाची मुदत वाढवून दिलीय."

"एकच वर्ष?" तिने विचारलं. "एका वर्षात आकडा किती वाढणार, विश्वेश?"

"फारसा नाही. लेख छापून यायलाच वर्ष जातं."

"मग काय करणार वर्षभर?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कान पुन्हा लाल झाले होते.

"लग्न करावं म्हणतो... तुम्ही हो म्हणालात तर."

वर्षिणी डोळे पुसत म्हणाली, "त्याला वर्ष कशाला लागतं?"