दोन्हीकडे पिन

लग्नाला महिना झालेल्या सुनेनं विचारायचं नसतं, ऐकायचं असतं. मी ऐकत होते. लाइट गेलेली. कोपऱ्यावरच्या खांबावर लाइनमनची बॅटरी हलत होती. माझा नवरा हर्षल जनरेटरला डिझेल आणायला गेला होता. गच्चीवर रंगनाथकाका, माझे चुलत सासरे, पान चघळत सांगत होते. जन्म एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेलेला माणूस.

"हारुन वायरमन, सायखेड्याचा. त्याच्यावर गुदरलेलं सांगतो, बनवून नाय. गेल्या वर्षी बारा जून, गुरुवार, रात्री सव्वानऊ. एका बिल्डिंगीतून फोन आला, जनरेटर धूर टाकतोय, ये. नाव नको बिल्डिंगीचं."

माझे सासरे खंडेराव, आमच्या बिल्डिंगीचे चेअरमन, मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते.

"तिथं चेंजओव्हर स्विच नव्हता. एकतर बाहेरची लाइट, नाहीतर जनरेटर, असा खटका असतो तो. चेअरमनला महाग वाटला. त्यानं हारुनकडून वायर करून घेतली, दोन्ही टोकांना पिन. एक जनरेटरात, एक भिंतीतल्या सॉकेटात. फक्त मेन स्विच आधी पाडायचा, म्हणजे करंट बाहेर जात नाय."

"आणि विसरले?" नणंद आरोहीनं विचारलं.

"मे महिन्यात. मेन वरच. करंट उलटा बाहेरच्या लाइनीवर. खांबावर यादव लाइनमन... लोकांनी खालून व्हिडिओ काढले. भाजल्या केसांचा वास तीन दिवस गेला नाय. त्या वासात चेअरमन म्हणतो, हातमोजे नव्हते, त्याचीच चूक." काका कुंडीत पचकन थुंकले. कुंडी मी सकाळीच धुतली होती.

"तर हारुन मीटररूममध्ये शिरला. तीच वायर. तीच! मेन वर. खिडकीतून बघतो, खांबावर कोणीतरी चढतंय. ओरडला. पळाला, पिन धरली... ऊन. मऊ. शिजल्या मांसासारखी. तळव्याला चिकटली. निघेना. मागून वास. खांद्यावरून एक हात आला... मेन पाडला. खट्."



"बाहेर... खांब मोकळा. हारुननं वायर तोडून नाल्यात फेकली. चेअरमननं दुसरी करून घेतली."

"पुरे, रंगनाथ," सासरे म्हणाले. मोबाइलची स्क्रीन केव्हाच विझली होती.

तेवढ्यात खाली जनरेटर धडधडला. हर्षल धापा टाकत वर आला, वडिलांना म्हणाला, "आण्णा, लावली हो वायर." मग थबकला. "मेन... मेन पाडला का मी?"

खांबावरची बॅटरी अजून हलत होती.

मी जिना उतरले. पळतच. मीटररूममध्ये भिंतीत वायर, दोन्हीकडे पिन.

मेन खाली होता.

बाहेर लाइनमन शीळ घालत खांबावरून उतरत होता. जिवंत.

मेनच्या दांड्यावर हाताचा काळा ठसा होता. तेलकट. बोट लावलं, तर ऊन लागला.

साबण संपेपर्यंत मी हात धुतले.