नाव घासलेला रंधा

खंडेनवमीच्या सकाळी मी झेंडू आणायला बर दुबईला देवळाच्या गल्लीत गेले होते. शारजाहला अल नहदात आमच्या बिल्डिंगखाली सगळं मिळायचं, झेंडू तेवढा मिळायचा नाही. एवढी फुलं कशाला, म्हणून फुलवाल्याने विचारलं. मी काहीतरी पुटपुटले. घरात हत्यारं फार झाली आहेत, असं चारचौघांत कसं सांगायचं?

आमचे हे, रामेश्वर, एका कंपनीत अकाउंट्सला होते. घरात साधा स्क्रू पिळायचा झाला तरी वॉचमनला हाक मारणारा माणूस. पण मधल्या काळात त्यांना जुनी हत्यारं जमवायचा नाद लागला. आधी बाजारातून एक गिरमिट आलं, मग पटाश्या, करवती, पाने, गुण्या. कामगार कायमचे गावी निघाले की जाताना हत्यारं विकून टाकतात. तसं कुणाचं कळलं की हे शुक्रवारी गाडी काढून पार अबुधाबीच्या मुसफ्फापर्यंत जायचे. शेवटी आमच्या लेकीची, दर्शनाची खोली हत्यारांना गेली आणि ती हॉलमध्ये झोपायला लागली. "इट्स ओके मम्मा, टूल्स डोन्ट स्नोअर," असं वर मलाच समजवायची.

त्या खोलीत भिंतभर प्लायवूड ठोकलं होतं. प्रत्येक हत्यार त्यावर टेकवून त्याच्या कडेने काळ्या मार्करची रेघ ओढलेली. कुठलं जागेवर नाही ते एका नजरेत कळायचं. शिवाय प्रत्येक मुठीला पिवळ्या रंगाची एक पट्टी. कामगार माणूस आपल्या हत्यारावर तापल्या खिळ्याने नाव कोरून ठेवतो. हे आधी ते नाव पॉलिश पेपरने घासून काढायचे आणि मग पट्टी मारायचे.

"सगळ्यांची नावं तशीच ठेवली तर माझं काय आहे ते मला कळणार कसं?" असं म्हणायचे. मी हसायचे. आता त्या हसण्याचीही लाज वाटते.

२००१ सालची ती खंडेनवमी. गुरुवार होता, यांना ऑफिस अर्धा दिवस. जेवणं झाल्यावर आम्ही खोलीत पांढरी चादर अंथरून सगळी हत्यारं मांडली. माझ्या माहेरी या दिवशी शिवणयंत्राला फूल वाहायचे आणि दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचे नाहीत. इथे तर अख्खी चादर भरली होती, आणि त्यातल्या एकाही हत्याराला घरातल्या कुणाचा कामाचा हात लागलेला नव्हता. बाहेर वारा सुटला होता. धुळीने समोरचे टॉवर दिसेनासे झाले, भर दुपारी दिवा लावावा लागला. एसी घरघरत होता, उदबत्तीचा धूर वर न जाता चादरीवरच फिरत होता.

बेल वाजली नाही. दारावर बोटांनी कुणीतरी टकटक केलं.

दार थोडं उघडलं तर समोर केरू. मूळचा पाटणकडचा सुतार. मुसफ्फात त्याची कंपनी बंद पडली तेव्हा ऑगस्टमध्ये यांनी त्याच्याकडून रंधा घेतला होता. थकलेल्या पगाराची वाट बघत तो अजून तिथल्याच खोलीवर राहिला होता. मीही होते त्या दिवशी गाडीत. रंधा त्याच्या बापाचा होता, बापाचं नाव कोरलेला. देताना मूठ सोडवत नव्हती त्याला. "नाव तेवढं राहू द्या, साहेब," म्हणाला होता. "अरे हो रे, काळजी नको करू," असं हे म्हणाले होते. आणि घरी आल्यावर त्याच आठवड्यात ते नावही घासलं गेलं होतं.

"ताई, आज नवमी हाय," केरू हळू आवाजात म्हणाला. "हातात हत्यार न्हाई असं कदी झालं न्हाई बगा. मी आत येत न्हाई. रंदा हितं दाराशी आना, एक फूल वाहतो अन् जातो."

त्याच्या मुठीत एक झेंडू होता, दबून चपटा झालेला.

मी मागे वळले. पॅसेजमध्ये हे उभे होते, रंधा छातीशी धरून. घासलेल्या जागेवर त्यांचा अंगठा सारखा फिरत होता. त्यांनी मान हलवली.

"सांग... विकला."

"अहो, फूलच तर वाहतोय..."

"नाव नाहीये त्यावर, प्रज्ञा. काय दाखवू मी त्याला?"

मी दाराकडे तोंड केलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "केरूदादा, रंधा... विकला हो यांनी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान डोलवली. आतून झेंडूचा आणि उदबत्तीचा वास दाराबाहेर जात होता, तो त्याला येतच असणार.

"सुतारानंच घेतला न्हवं?" त्याने विचारलं.

"हो." हे खोटं तर मला कुणी बोलायला सांगितलंही नव्हतं.

"मग ब्येस झालं. चालता राहील." आणि तो कॉरिडॉरमधून गेला.

दार लावलं. शरमेने कानशिलं तापली होती. आपल्या बापाच्या रंध्याला एक फूल वाहायला माणूस एवढ्या लांबून येतो आणि आपण त्याला उंबऱ्यावरून परत पाठवतो! मी यांच्या हातातून रंधा ओढून घेतला. "नाव घासलं ते मी सांगते त्याला. पाया पडते त्याच्या. पण हा त्याला आज देऊन टाकायचा." मी दार उघडून बाहेर आले.

कॉरिडॉरमध्ये ताज्या सागवानाच्या भुशाचा वास भरून राहिला होता. लिफ्ट आमच्याच मजल्यावर उभी होती, म्हणजे तो लिफ्टने गेला नव्हता. मी जिन्यानेच धावले. खाली वॉचमन हमदुल्ला डोक्याला फडकं गुंडाळून बसला होता.

"हमदुल्लाभाई, अभी जो आदमी नीचे आया, किधर गया?"

"कौन आदमी, भाभी? मिट्टी की वजह से दरवाज़ा कब का बंद है. चाबी मेरे पास है." त्याने माझ्या हातातल्या रंध्याकडे पाहिलं. "कोई नहीं आया. ना ऊपर, ना नीचे."

काचेच्या दाराबाहेर नुसती पिवळी धूळ दिसत होती. तेव्हा मला आठवलं... केरूच्या अंगावर धुळीचा कणही नव्हता.

वर येऊन मी यांना फोन लावायला लावला. केरूच्याच खोलीतला विजयकुमार म्हणून एक जण होता, रंध्याचा सौदा त्यानेच जमवला होता. यांनी नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला.

"केरूदादा कुठे आहेत? इथे आले होते आता."

"इथे म्हणजे?" विजयकुमार हसला. "शारजाला? नाय ओ वहिनी. केरू हा काय समोर झोपलाय. जेवून आडवा झाला तो झालाच. उठवू का?"

मुसफ्फा आमच्यापासून गाडीने दोन तासांवर.

"उठवा," मी म्हणाले.

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग लांबून हाक. "केरू... ए केरू, शारजाहून फोन हाय बग..." खाट करकरली. "केरू?" मग कुणीतरी लाईट लावायला सांगितलं. मग बऱ्याच जणांचे पाय वाजले. फोन कुणी उचलला नाही, कुणी बंदही केला नाही. मी तसाच कानाला लावून उभी राहिले. शेवटी कुणीतरी रडायला लागलं ते मला ऐकू आलं.

केरूचा देह गावी पाठवायची सगळी धावपळ यांनीच केली. न सांगता, खालमानेने. रंधा मात्र बरोबर पाठवता आला नाही. नाव पुन्हा कोरून पाठवायचा असं आम्ही ठरवलं, आणि तापलेला खिळा हातात घेऊन हे बसून राहिले. कागदांवरचं बापाचं नाव वेगळं होतं, रंध्यावर कोरलेलं हाकेचं नाव यांना आठवेना. मलाही आठवेना. मी ते वाचलं होतं, केरूच्या तोंडून ऐकलं होतं. एका माणसाचं नाव आम्ही पुसलं होतं आणि ते आमच्या डोक्यातूनही गेलं होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

मग एका सकाळी मीच धीर केला. दर्शना शाळेत गेली होती, हे ऑफिसला निघायच्या तयारीत होते. केरूच्या गावात एका दुकानात फोन होता, त्यावर त्याच्या बायकोला, तानुबाईला बोलावून घेतलं. तोंडात एकच वाक्य घोळत होतं, ते एका दमात म्हणून टाकलं. "तानुबाई, रंधा विकलेला नाही. आमच्याकडेच आहे. मी खोटं बोलले."



"ठाव हाय, ताई," ती म्हणाली. "नाव घासलंय, तेबी ठाव हाय."

"कुणी... सांगितलं?"

"त्येंनीच की. नवमीला दुपारी आलते. बातमी याच्या आदी. मी अंगणात हुते. म्हनले, त्या ताईंना बोल लावू नगंस, लई कसनुसं झालं त्येंना."

मला रडू आवरेना. तिचा आवाज मात्र अगदी संथ होता, चूल पेटवता पेटवता बोलावं तसा.

"अनवानी आलते," ती म्हणाली. "मी इचारलं, चपला कुटं? तर म्हनले, ताईंच्या दाराशी काडल्या. घालायच्या राह्यल्या. परत जातो मंग त्येच्यासाटी..."

फोन कट झाला.

मी दाराशी गेले. गेल्या काही दिवसांत या दारातून आम्ही कितीदा ये-जा केली होती. सकाळी दर्शनाला बसपर्यंत सोडून मी इथूनच आत आले होते. बाहेर काहीही नव्हतं, मला पक्कं माहीत होतं.

दार उघडलं.

टाच झिजलेल्या दोन चपला. ओळीत, नीट काढून ठेवलेल्या. त्यांची तोंडं घराकडे होती. आणि त्या थंड नव्हत्या... मी वाकून हात लावला, तर आत्ताच कुणीतरी पाय काढून घ्यावा तशा त्या उबदार होत्या.

मी मागे सरकले आणि दार लावून घेतलं.

"कोण आहे गं?" यांनी आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले.