मिटणारा कागद

सकाळी दहाला नीलांबरी पातं हातात घ्यायची. पिवळट, जाडसर कागदाचा वीतभर तुकडा टेबलावर पसरायचा, मधोमध बोटभर चीर पाडायची, घड्याळ लावायचं आणि चहा ठेवायचा. चहा पिऊन, कप विसळून, दोन फोन करून परत यावं, तोवर चाळीस मिनिटं झालेली असायची आणि चीर गेलेली असायची. मग तो तुकडा दोन चिमट्यांत अडकवून ओढायचा. तुटायचा, पण चिरलेल्या जागी कधीच नाही, भलतीकडेच तुटायचा. अकरा महिने ती रोज हे करत होती आणि रोज तिला तेवढाच आनंद व्हायचा. कुणी हसलं तर हसो.

हिंगोलीच्या एमआयडीसीत एका डाळमिलच्या मागे तिचं पत्र्याचं शेड होतं. शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकला आपल्याकडे कागद म्हणतात. हा कागद उंदरानं कुरतडला, कुत्र्याची नखं लागली की फाटतो आणि वर्षाचं पाणी काळ्या रानात गडप होतं. कळमनुरीत वाढलेल्या पोरीला हे काही पुस्तकातून कळायचं कारण नव्हतं. तिनं फाटला की आपोआप मिटणारा कागद केला. हळद पॉलिश करताना निघणारा कोंडा, गवारीच्या बियांचा डिंक आणि तिनं स्वतः बांधलेलं एक पॉलिमर. पुण्याच्या प्रयोगशाळेत हे काम सुरू केलं, तेव्हा तिथल्या सोमेश्वर सरांनी तिची वही चाळली आणि चारचौघांत म्हणाले, "असं मटेरियल होत नसतं. हे आकडे तू घरी बसून लिहिलेस." त्याच संध्याकाळी तिनं सामान बांधलं होतं.

आता येत्या बुधवारी तेच सर तपासणी समिती घेऊन साखऱ्याला येणार होते, माणिकरावांच्या शेततळ्यावर. तिथं कागद मार्चपासून अंथरलेला होता. पास झाला तर जिल्ह्यातल्या चाळीस तळ्यांत जाणार होता. पण खरं सांगायचं तर चाळीस तळी गेली उडत. तिला त्या माणसाच्या नाकावर टिच्चून एक चीर मिटवून दाखवायची होती, बस्स.

हाताखाली पारुबाई होती. बारा वर्षं हळद शिजवायच्या कढयांवर राबलेली बाई, त्यामुळे शेडमधल्या टाकीला ती कढईच म्हणायची. एकदा तिनं विचारलं होतं, "ताई, ह्ये मिटतंय कसं ओ?"

"यात बारीक बारीक साखळ्या असतात, मावशी. प्रत्येकीला हात असतात. तुटलं की हात सुटतात, मग जवळचा दुसरा हात धरतात."

"आन जवळ कुनी नसलं तर?"

"तर शोधत राहतात," नीलांबरी म्हणाली आणि कामाला लागली.

कागद कापताना कडेच्या पट्ट्या उरायच्या. ते कातरण पारुबाई घरी नेते, हे नीलांबरीला ठाऊक होतं. काय करते ते एप्रिलात कळलं. वस्तीतल्या बाया रात्री टाचांना तेल लावून त्यावर ते कातरण गुंडाळत होत्या. हळदीचा वास येतो, मग औषधच की! ढेकळांतून अनवाणी चालून टाचा अशा फाटलेल्या की भेगेत नाणं उभं राहावं. पारुबाईनं पाय पुढं करून दाखवले. टाचा लहान लेकरासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या.

"अहो, हे अंगाला लावायचं नाही! याची तशी तपासणी झालेली नाही," नीलांबरी ओरडली.

"तुमी काहून घाबरून राहिल्या? गुण आलाय ना."

महिनाभरानं, मे महिन्यात, समिती यायच्या दोन दिवस आधी, सोमवारी, पारुबाई नाकात फुली न घालता आली. आठव्या वर्षी टोचलेलं नाक. धुवायला म्हणून रात्री फुली काढली आणि सकाळी घालायला गेली तर भोकच नाही.

"बुजतं कधीकधी," नीलांबरी म्हणाली.

"चाळीस वर्सांचं भोक एका रातीत? आन एकटीचं न्हाई, ताई. आमच्या गल्लीत चौघीजनींचं झालंय. कानाचीबी गेली." ती जरा थांबली. "रेशनच्या मशीनवर अंगठा घेईना. तकलीफ त्याची न्हाई, कष्टाच्या हाताला व्हतंच तसं. पर बगा तरी."

तिनं अंगठा उजेडात धरला. रेघा झिजल्या नव्हत्या. झिजलेला अंगठा खरखरीत लागतो. हा सपाट होता, नुकत्या सोललेल्या उकडल्या अंड्यासारखा.

नीलांबरीनं मान हलवली, त्वचेच्या कोरडेपणावर दोन वाक्यं बोलली आणि टेबलाकडे वळली. पंधरा दिवसांपूर्वी पात्यानं तिचाही अंगठा कापला होता आणि पट्टी सापडेना म्हणून तिनंही कातरण गुंडाळलं होतं. चार दिवसांपासून तिचा मोबाइल त्या अंगठ्यानं उघडत नव्हता. स्क्रीन खराब झाली असेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आता ती खिडकीशी गेली आणि अंगठा उजेडात धरला. तोही तसाच सपाट होता.

मंगळवारी सकाळी माणिकरावांचा फोन आला. आवाज तापलेला होता. "म्याडम, आधी हिकडं या. समिती गेली खड्ड्यात."

साखऱ्याला पोचेस्तोवर दहा वाजले. मे महिन्यातलं काळं रान, भेगा अशा की कोकराचा पाय सहज अडकावा. नीलांबरी बांधावरून चालत होती आणि कुठंतरी पाऊल वेगळं पडलं. खाली बघितलं तर भेगा संपल्या होत्या. तळ्याभोवती दोन एकर जमीन सारवलेल्या अंगणासारखी सलग होती. वारूळ नाही, उंदराचं बीळ नाही, मुंगीचं भोकही नाही. ओल असेल, कागद गळत असेल, म्हणून तिनं आशेनं ढेकूळ उचलायला हात घातला. आशेनंच! आपला कागद गळावा, असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. पण उचलायला ढेकूळच नव्हतं, आणि माती ठणठणीत कोरडी होती.

माणिकराव विहिरीच्या कठड्यावर बसले होते. शेजारी विहिरी उपसणारा रूपसिंग, डोक्याला ओलं फडकं बांधून.

"माझ्या आज्यानं खांदलेली हीर हाय," माणिकराव म्हणाले. "लातूर, परभणी तहानली तवाबी ही आटली न्हाई. तुमचा कागद आला आन दोन म्हैन्यात खडखडाट. सांग रं, काय बगितलंस ते."

रूपसिंग तिच्याकडे न बघता बोलला. "तीन झरे व्हते बाई, मला जागा पाठ हायेत. आता तितं बोट शिरंल एवढी चीरबी न्हाई. म्या छिन्नी लावली. वीतभर खडक फोडला. पानी आलं, बराबर आलं. वर येऊन बिडी वडली, परत उतरलो."

"मग?"

"फोडल्याली जागाच घावंना."

रूपसिंगनं कमरेची छिन्नी काढली आणि तिच्या हातात दिली. "ही तुमीच ठिवा. म्या आता या हिरीत उतरायचो न्हाई."

नीलांबरीनं छिन्नी पिशवीत टाकली. डोकं सणकलं होतं तिचं. सरळ उत्तर असतं प्रत्येक गोष्टीला, आणि हे सरळ नव्हतं, याचाच तिला राग येत होता. खडकात कुठल्या आल्या साखळ्या? मातीत कुठले आले हात? तीन वर्षं, वडिलांनी विकलेला प्लॉट, आईचे टोमणे, आणि उद्या तो माणूस इथं उभा राहणार. गप्प राहिली तर जिंकणार होती. एक दिवस तोंड मिटून राहायचं, एवढंच.

तोंड मिटून. तो शब्द मनात आला आणि तिच्या अंगावर काटा आला.

"काका," ती म्हणाली, "उद्या समिती येऊ द्या. मला ते करून दाखवायचंच आहे. ते झालं की हा कागद मी तुमच्यासमोर जाळते. शेडमधला सगळा मालही आणते."

"मंग आजच जाळा की! उद्याची वाट काहून?"

"कारण आज जाळला तर मी खोटी होते म्हणून जाळला, असं म्हणतील. खोटी ठरून नाही जाळणार मी. खरी ठरून जाळीन."

माणिकरावांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "व्हय," ते म्हणाले. "पर उद्याच्याला."

संध्याकाळी पारुबाई आणि ती, दोघींनी मिळून सगळे गठ्ठे टेम्पोत भरले. कढई रिकामी केली. कागदाच्या कृतीची वही नीलांबरीनं स्वतःच्या पिशवीत घातली.

बुधवारी अकरा वाजता दोन गाड्या आल्या. सोमेश्वर सर उतरले, टोपी सारखी केली, तळ्याकडे बघून म्हणाले, "अजून जिद्द आहे वाटतं."

"आहे," नीलांबरी म्हणाली. "चीर तुम्हीच पाडा. माझं पातं नको, तुमचं वापरा."

त्यांनी बॅगेतून चाकू काढला. उतारावर गुडघा टेकला आणि चांगला हातभर कागद फाडला. खालची काळी माती दिसली. मग ते घड्याळाकडे बघायला वळले.

"चाळीस मिनिटं म्हणालीस ना?"

सगळे खाली बघत होते. त्यांनीही बघितलं.

चीर नव्हती.

त्यांनी पुन्हा फाडला, या वेळी दातओठ खाऊन. चाकू पुढं सरकत होता आणि पात्याच्या मागं कागद मिटत येत होता. आवाज काहीच नाही. पुढं उघडत होतं आणि बोटभर मागं मिटत होतं.

मग चाकू अडला. सरांनी ओढला. पातं येईना. कागदानं ते धरलं होतं.

सरांनी मूठ सोडून दिली. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे लकाकत होते. "नीलांबरी," ते हळूच म्हणाले, "मी चुकलो. हे जगात कुठंच नाही. पेटंट दोघांच्या नावानं..."

"खरं आहे ना हे? मोठ्यानं म्हणा."

"खरं आहे."

"लिहून घ्या," ती समितीच्या लोकांना म्हणाली. मग बांधाकडे वळून तिनं हात उंचावला. "काका, ट्रॅक्टर!"

कागद निघता निघेना, पण निघाला. सर मध्ये पडले, ओरडले, कायद्याच्या गोष्टी सांगू लागले. "वेडी झालीस का तू?"

"माझा आहे. मी केला. मीच मोडणार."

तिनं शेडमधले गठ्ठे वर टाकले, त्यावर वही टाकली आणि काडी ओढली.

काळ्या धुराची तिची अपेक्षा होती. धूर पिवळा निघाला, दाट, हळद शिजवताना येतो तसल्या वासाचा. तो वर गेला नाही. जमिनीलगत पसरला, सगळ्यांच्या पायांतून फिरला, मग वाऱ्यानं साखऱ्याच्या घरांकडे निघाला. लोक खोकत बाजूला झाले. नीलांबरी हलली नाही. शेवटची पट्टी विझेपर्यंत ती राखेशेजारी उभी होती, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

चार वाजता ती हिंगोलीत खोलीवर आली. केसांना, कपड्यांना, सगळ्याला तो वास. पिशवी न्हाणीच्या दाराशी टाकून ती आत शिरली आणि डोक्यावरून तांब्यामागून तांब्या ओतत राहिली. बरं वाटलं. गाणंही गुणगुणली जरासं.

मग लक्षात आलं, पाणी घोट्यापर्यंत चढलंय.

केस अडकले असतील, म्हणून तिनं वाकून मोरीच्या कोपऱ्यात बोट घातलं. जाळी लागेना. भोक लागेना. तिनं दोन्ही तळहातांनी फरशी चाचपली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सलग, गार, गुळगुळीत.

ती रडली नाही. उलट असा संताप आला की कानशिलं तापली. "अस्सं?" ती मोठ्यानं म्हणाली. दार ढकलून पिशवीतली रूपसिंगची छिन्नी काढली, खोलीतली हातोडी आणली, गुडघ्यावर बसली आणि घाव घातले. एक, दोन, पाच. फरशी तडकली. सातव्या घावाला भोक पडलं आणि पाणी घळघळ आवाज करत खाली निघालं. शेवटच्या थेंबापर्यंत तिनं ते बघितलं.

"माझ्याशी गाठ आहे," ती म्हणाली आणि खरंच हसली.

उभी राहून तिनं टॉवेल ओढला. गळा पुसला, छाती पुसली, पोट पुसलं. टॉवेल पोटावरून सरळ खाली गेला, कुठंच न अडता. तिनं तो बाजूला केला आणि बेंबीच्या जागी बोट ठेवलं. बोट घसरलं. पुन्हा ठेवलं.

छिन्नी अजून दुसऱ्या हातातच होती.