दोन टाक्या, एक गाडी

एका टाकीत माळ ओलांडायचा! मोहीम एवढीच होती, आणि तेवढीच जीवघेणी होती.

माळाच्या अलीकडे मामाचं गॅरेज आणि पलीकडे मिठागरांची वस्ती. वस्तीच्या दवाखान्यात एकच नर्स, आणि तिची औषधं ट्रकने लांबचा वळसा घालून जायची. ट्रक पोचेपर्यंत दुखणं तरी जायचं, नाहीतर दुखणेकरी तरी. सरळ माळावरून मोटरसायकल घातली तर सकाळी निघून दुपारी पोचता आलं असतं. पण माळावर पंप नाही, झाड नाही, फोनला रेंज नाही. कुठल्याशा जुन्या तारांचे गंजके खांब तेवढे रांगेत उभे, तारा कधीच्या गेलेल्या.

"एका भरल्या टाकीत जी पलीकडे पोचेल, यापुढे औषधांची पेटी न्यायचं काम तिचं," मामाने जाहीर केलं. "दोघी पोचलात तर जिच्या टाकीत जास्त उरेल तिची. पेटी एक, माणूस एक. मी स्वतः गेलो असतो, पण मी बसलो की गाडीच रडायला लागते."

दोघी म्हणजे मामाची भाची आणि मामाची मुलगी. गॅरेजात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. भाची ती ठिणगी, कारण तिचा हात रेसवर पडला की आगच लागायची. मामाची मुलगी ती थेंबी, कारण पेट्रोलच्या एका थेंबात ती कुठल्या कुठे जायची.

थेंबी, थेंबी, थेंबी! ठिणगीचे कान किटले होते. "बघ, थेंबी कशी चालवते. दुधावरची साय उचलावी तशी रेस देते." "बघ, थेंबीला ब्रेक लागतच नाही, पुढचा चढ तिला आधीच दिसतो." त्याच गाडीवर, त्याच रस्त्यावर थेंबीचं ॲव्हरेज कायम वर! ठिणगीने कितीही जीव टांगला तरी काटा तिच्यावर रुसलेलाच. आणि ही बया यावर फुशारकीही मारत नसे. नुसती गालात हसायची. ते हसू ठिणगीला चटक्यासारखं लागायचं.

आदल्या संध्याकाळी मामाने भंगाराच्या काट्यावर दोघींना उभं केलं. ठिणगी पुरती आठ किलो जास्त भरली.

"जेवण कमी कर जरा," थेंबी म्हणाली.

"तू वारा खाऊन जगतेस म्हणून सगळ्यांनी जगायचं का?"

"पुरे!" मामाने दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरल्या, झाकणांवरून तार ओवली आणि शिशाचं सील ठोकलं. "सील तुटलं की पेटी गेली. कारण मी विचारणार नाही, तुम्ही सांगायचं नाही." मग प्रत्येकीच्या गाडीला पाण्याचे चार पांढरे कॅन बांधले आणि ट्रक घेऊन वळशाच्या रस्त्याने पुढे गेला, पलीकडे वाट बघायला.

ठिणगीच्या डोक्यात मात्र आठ किलोंनी घर केलं. तिने आरसे काढले. हत्यारांच्या पिशवीतून दोन पाने आणि पक्कड ठेवून बाकी सगळं उपसलं. जेवणाचा डबा अर्धा केला. तरी मन भरेना. उजाडायच्या बेताला तिची नजर कॅनवर गेली. पाणी किती जड असतं!

ती शेडच्या मागे गेली आणि तीन कॅन मातीत ओतून टाकले. दुपारी तर पोचायचंच होतं, एक कॅन म्हणजे डोक्यावरून पाणी! रिकामे कॅन तिने होते तसेच बांधले. पांढऱ्या प्लास्टिकमागे भरलेलं काय आणि रिकामं काय, कोणाला कळणार?

भिंतीपलीकडे मोरीत भडाभडा पाणी वाहत होतं. 'मोहिमेच्या दिवशी अंघोळी चालल्यात बाईंच्या!' ठिणगीने नाक मुरडलं.

आणि निघाल्या! पहिला पट्टा टणक, बारीक खड्यांचा होता. सूर्य डाव्या खांद्यावर, समोर मैलोगणती तांबूस जमीन, खांबामागून खांब येत होते आणि मागे पडत होते. इंजिन वरच्या गिअरमध्ये पुटपुटत राहील इतक्याच वेगाने थेंबी पुढे चालली होती. उतार लागला की रेस सोडायची, चढ दिसला की आधीच हलकेच द्यायची, दगडाला वळसा असा घालायची की वेग तसूभरही कमी होऊ नये. मागून बघताना ठिणगीला कबूल करावं लागलं की ती गाडी चालवत नव्हती, गाडीची समजूत काढत होती. कबूल केलं आणि आणखीनच जळफळाट झाला.

मग समोरून वारा सुटला. दोघी टाकीवर पालथ्या पडल्या, हनुवटी झाकणाला टेकवून. शिशाचं सील ठिणगीच्या नाकासमोर टकटक वाजत होतं. वाऱ्याने घसा कोरडा केला. तिने कॅन तोंडाला लावला. नुसती चूळ भरायची होती, पण निम्मा कॅन कधी संपला ते तिला कळलंच नाही.

दुपारी उन्हाने डोळ्यांसमोर काजवे चमकू लागले, तेव्हा जमिनीचा रंग बदलला. तांबूस जमीन राखाडी झाली. पिठासारखी मऊ! थेंबी डावीकडे वळली, कडेकडेने जाऊ लागली. ठिणगीने हिशेब केला. सरळ गेलं तर अंतर वाचेल, थेंबीच्या पुढे जाता येईल. आयुष्यात एकदा तरी थेंबीने तिची पाठ बघावी!

तिने गाडी सरळ घातली.

पुढचं चाक रुतलं. मग मागचं. ॲव्हरेज वाढावं म्हणून तिने टायरमध्ये हवा दगडासारखी ठासून भरली होती. ते टायर पिठात सुरीसारखे शिरले. रेस! आणखी रेस! चाक जागच्या जागी फिरलं, धुरळ्याचा लोट उठला. क्लच, रेस, क्लच, रेस! आणि तो वास आला. गॅरेजात वाढलेल्या पोरीला तो वास सांगावा लागत नाही. क्लच प्लेटा जळल्या होत्या. गिअर पडत होता, इंजिन ओरडत होतं, चाक मात्र ढिम्म!

ठिणगी गाडीशेजारी बसली. कॅनमध्ये दोन घोट उरले होते. दूर थेंबीचा ठिपका खांबांच्या रांगेत विरघळत चालला होता. 'जा. जा आणि मिरव पेटी,' ती मनात म्हणाली. रडावंसं वाटलं, पण त्यालाही पाणी लागतं.

ठिपका थांबला. मग मोठा होऊ लागला.

परत येतेय? थेंबी? पेट्रोलचा एक थेंब वाया गेला तर जिला दातदुखी व्हायची, ती चक्क उलटी येतेय? 'हसायला येत असेल!' ठिणगीने मान फिरवली.

थेंबी आली आणि टणक कडेला गाडी लावून अडखळत पिठातून चालत आली. ती हसत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मागे दिसेनास तू. काय झालं?"

"क्लच गेला. घे, कर आनंद."

"करेन मग. आधी पाणी दे. माझं संपलं."

ठिणगी दचकली. "संपलं? चार कॅन?"

थेंबीची नजर खाली.

"थेंबे! तू सकाळी अंघोळ करत होतीस ना?"

"कसली अंघोळ? मोरीत तीन कॅन ओतले."

ठिणगीने आ वासला. मग तिने आपल्या गाडीवरचे कॅन एकेक काढून थेंबीसमोर टाकले. रिकामे कॅन पोकळ वाजले. ठक. ठक. ठक.

"तू पण?"

"तू पण!"

दोघींना हसू फुटलं, आणि मधेच थांबलं, कारण घसा सोलवटून निघाला.

"पण तू कशाला ओतलंस?" ठिणगीला राहवेना. "तू तर आधीच हलकी. माझ्याहून पुढेच असतेस कायम."

"म्हणून काय झालं?" थेंबी एकदम भडकली. "गाडी रुतली की सगळे तुला हाक मारतात. तू आलीस की गॅरेजात कल्ला होतो. बाबा तुझे किस्से सांगतात, माझं सांगायला काय आहे? 'आमच्या मुलीने पेट्रोल वाचवलं!' म्हटलं, इतकं वाचवू, इतकं वाचवू की निदान एकदा सगळे माझ्यासाठी ओरडतील."

थेंबी आपल्यावर जळते? आपल्यावर! ठिणगीच्या अंगातून गार वाऱ्याची झुळूक गेली. दुसरी वेळ असती तर तिने ते वाक्य पुन्हा तीनदा म्हणवून घेतलं असतं. पण थेंबी बोलता बोलता खाली बसली, आणि ठिणगीने तिचा हात धरला. हात तापला होता. आणि कोरडा! एवढ्या उन्हात घामाचा टिपूस नाही! हे वाईट होतं. फार वाईट.

तिने उरलेले दोन घोट थेंबीच्या तोंडात घातले. दोन्ही. मनातली लबाड ठिणगी म्हणाली, एक तरी ठेव. तिने ऐकलं नाही.

आता काय? मामा ट्रक घेऊन शोधायला निघणार तो अंधार पडल्यावर. तोवर ही टिकणार नाही. थेंबीच्या गतीने जायचं तर उरलेल्या वाटेला तीन तास. सुसाट जायचं तर निम्म्याहून कमी वेळ, पण दोन माणसं, भरधाव वेग आणि थेंबीच्या टाकीतलं उरलेलं पेट्रोल! मधेच गाडी बसणार.

ठिणगीची नजर आपल्या मेलेल्या गाडीकडे गेली. तिच्या टाकीत पेट्रोल डुचमळत होतं. आणि पायाशी रिकामे कॅन पडले होते!

तिने पक्कडीने क्लिप काढली, टाकीच्या तोटीची, कॉकखालची नळी ओढली, तोंड कॅनमध्ये घातलं आणि कॉक उघडला. पेट्रोलची धार लागली. एक कॅन. दुसरा. दोन्ही उचलून ती थेंबीच्या गाडीकडे धावली, आणि झाकणापाशी थबकली.

थेंबीच्या टाकीवर सील होतं. ते तोडल्याशिवाय ओतता येणार नव्हतं. ते तुटलं की थेंबीची पेटी गेली. आणि ठिणगीचं सील? तिकडे मेलेल्या गाडीवर शाबूत! क्षणभर, फक्त क्षणभर, ठिणगीला ते गोड वाटलं. मग स्वतःचीच इतकी किळस आली की पक्कड हातातून निसटली.

"तोड," मागून थेंबी म्हणाली. ती कशीबशी उठून आली होती.

"थेंबे, तू एकटी हळूहळू गेलीस तर—"

"एकटी गेले तर मधेच पडेन. आण इकडे." तिने पडलेली पक्कड उचलली आणि स्वतःच तार तोडली. कट्! "आता चालव. मला भरधाव येत नाही. ते तुझं काम."

आधी ठिणगीने दोन्ही कॅन टाकीत रिकामे करून गाडीला अडकवले, मग मागच्या टायरची हवा कमी केली. थेंबीला मागे बसवलं आणि कमरेच्या पट्ट्याने तिला स्वतःशी बांधलं.

आणि मग, जन्मात पहिल्यांदा, कोणीही न ओरडता, तिने मनसोक्त रेस दिली!

इंजिन गरजलं. खांब सपासप मागे पळू लागले. मऊ पट्टा आला. ती उभी राहिली, वजन मागे टाकलं. चाक सटकलं, सावरलं, पुन्हा सटकलं! थेंबीचं डोकं तिच्या पाठीवर आदळत होतं.

"झोपू नकोस! थेंबे! बोल काहीतरी!"

"किती... पेट्रोल... जाळतेयस," पाठीतून क्षीण आवाज आला.

"शिव्या घाल मला! मोठ्याने!"

"उधळी! टाकीफोडी! गिअर बदल की, मूर्ख!"

ठिणगीने गिअर बदलला आणि रडत रडत हसली. बोल, बाई, बोल! क्षितिजावर पांढरी रेघ उमटली. रेघेचे ढीग झाले. मिठाचे ढीग! त्यांच्या पायथ्याशी मामाचा ट्रक! अखेरच्या खांबापाशी इंजिनाने आचका दिला. एक, दोन, तीन. आणि गाडी बंद पडली, ती थेट मामाच्या पुढ्यात घरंगळत जाऊन.

नर्सने थेंबीला सावलीत घेतलं, ओल्या कापडात गुंडाळलं, चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. ऊन उतरेपर्यंत थेंबी उठून बसली होती आणि चमचा फार छोटा आहे म्हणून कुरकुरत होती.

मामाने टाकीवरची तुटकी तार बोटाने हलवली. "कोणी तोडली?"

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.

मामाने दोघींकडे पाहिलं, मग गाडीला लटकलेल्या, पेट्रोलचा वास मारणाऱ्या पाण्याच्या कॅनकडे, आणि काय झालं ते त्याला उमगलं.  सील तुटल्याचं कारण विचारणार नाही, असं त्यानेच ठरवलं होतं. शेवटी म्हणाला, "पेटी ट्रकनेच जाईल. ज्या रस्त्यासाठी माझ्या पोरी पाणी ओतून टाकतात, तो रस्ता मला नको." आणि तोंड फिरवून त्याने डोळे पुसले. मिठाचा वारा होता, असं तो नंतर म्हणाला.

दोन दिवसांनी मेलेली गाडी आणायला ट्रक निघाला. ठिणगी फळीवर आपले कॅन चढवत होती. पलीकडून थेंबी आपले चढवत होती.

"किती घेतलेस?" ठिणगीने तिरक्या डोळ्याने विचारलं.

"सहा. काठोकाठ."

ठिणगी गुपचूप नळावर गेली आणि सातवा भरून आली.