घोड्यावरची जागा

लोकर कातरणीआधी पूर्णा नदीत मेंढरं धुवायची धांदल उडाली होती, आणि नेमका तेव्हाच कासाबाईचा पाय लुळा पडला. ती धाडकन पाण्यात. कुणीतरी दंडाला धरून खसकन वर ओढलं.

"आरं तिच्या... मी तर मेंढरू समजून धरलं की!" पलीकडच्या धनगरवाड्यातला मल्हारी म्हणाला.

"मग सोडा की आता. का लोकर कातरूनच सोडताव?"

तो हसला. तीही हसली — आपल्याला अजून हसता येतं, याचं तिलाच नवल वाटलं.

तिच्या दुखण्याला दोन वर्षं झाली होती. कधी पायाला मुंग्या, कधी एक डोळा अंधुक, आणि झोपून उठलं तरी अंग आंबलेलं. मधेच चार दिवस धड जायचे, म्हणून लोक ढोंग म्हणायचे. ठरलेली सोयरीकही मोडली. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, मज्जातंतूंचा आजार आहे, औषधाचा शोध अजून चाललाय. आई अंबाबाई मात्र हटली नाही. लंगड्या मेंढीला देतात तसा रोज तापल्या विटेचा शेक. शेकानंतर पाय आणखीच गळायचे. पण दमलेल्या आईला नको म्हणायचं कासाबाईच्या जिवावर यायचं.

ताक मागायच्या निमित्तानं मल्हारी येऊ लागला. एकदा त्यानं तो शेक पाहिला.

"मावशे, त्या दिशी नदीच्या गार पाण्यातून निघाल्यावर ही चांगली चालली व्हती. ओलं फडकं ठिवून बगा."

अंबाबाई फणकारली, पण तिनं ठेवलं. आजार गेला नाही. दुपार तेवढी सुसह्य झाली.

दसरा झाला. चाऱ्यामागं कळप निघायची वेळ आली.

"येतीस का... लगीन करून?" मल्हारीनं विचारलं.

तिला हो म्हणावंसं फार वाटलं. "धनगराची बायको कळपामागं चालती. मला कुटं जमायलंय?"

"घोड्यावर बस."

"तितं बिऱ्हाड असतंय, कोंबड्या असत्यात. लोकं हसतील."

"हसू दे. कोंबड्यास्नी सरकून बस म्हणू."

तिला हसू आलं, आणि लगेच रडूही. "मी बरी न्हाई व्हनार, मल्हारी. रोज थकीन. तुमी बी थकताल."



"थकीन की. मग दोगं बी बसू. तू थकशील तितं आपला मुक्काम."

ऊठ, चाल, जोर लाव — दोन वर्षं तिनं हेच ऐकलं होतं. बस असं कुणी म्हटलंच नव्हतं.

"आयीला इचारा," ती म्हणाली, आणि कुणाची लाज न धरता तिथंच मातीत बसली. मल्हारीही शेजारी टेकला.