मांडावरचं अर्धं गाऱ्हाणं

दत्तप्रसाद त्या रात्री ताडपत्री घालायला गेला होता. बस, एवढंच काम. दंव पडायला लागलं होतं आणि मांडावर, म्हणजे गावाच्या होळीच्या पटांगणात, भाड्याचे स्पीकर उघडे होते. जेवून हात पुसत तो बायकोला, विनीताला म्हणाला, "येतंय गो पटकन," आणि गाडी काढून गेला. हसू नका. माणूस ओळखीचा आहे, अजून जिवंत आहे.

गावाचं नाव सांगत नाही. उद्या तुम्ही जाणार त्या देवबागपासून लांब नाही, एवढं पुरे. रात्र मात्र सांगतो. गेल्या सालची फाल्गुनी पुनव, गुरुवार, साडेदहा वाजलेले. म्हणजे होळीची रात्र. आता तुम्ही विचाराल, होळीच्या रात्री मांड ओस कसा? गाव काय मेला होता? मेला नव्हता, घरात पाय पसरून टीव्ही बघत होता. होळी शनिवारी ठेवली होती ना!

त्या वर्षी गावात महोत्सव समिती निघाली होती. बघितल्या असतील तुम्ही असल्या समित्या. कडक इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, आणि डोक्यात काजूच्या बोंडूइतकाही रस नाही. त्यांना साक्षात्कार झाला की होळी गुरुवारी आली तर पर्यटक कुठून येणार? पर्यटक येतात शनिवारी. मग होळी न्या शनिवारी! जणू पुनव म्हणजे एसटी, हात दाखवला की थांबली. आणि गावानं माना डोलावल्या. अर्ध्यांच्या खोल्या भाड्यानं होत्या, उरलेल्यांच्या बांधायच्या चालल्या होत्या. देवाचं कुणाला पडलंय?

एकटा म्हातारा भिकाजी गावकर आडवा आला. होळीच्या मांडावर गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गाऱ्हाणं म्हणजे काय, हेही तुम्हाला सांगावं लागतं, काय ही तुमची शिक्षणं! गावाच्या वतीनं एकानं देवाला सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तर म्हातारा बैठकीत म्हणाला, "पुनव तुमच्यासाठी थांबाची नाय. त्या रातीक मांडार येणारे येतले. तुमी नसलास तरी येतले."

"कोण येतले, काकानू?" दत्तप्रसाद म्हणाला. "नावा सांगा, खोलये बुक करून ठेवतंय."

सगळी बैठक फिदीफिदी हसली. भिकाजी काठी टेकत उठला आणि घरी गेला.

हा दत्तप्रसाद म्हणजे गावाचा आवाज. क्रिकेटचे सामने असोत, वरात असो, हॉटेलचं उद्घाटन असो, माइक त्याच्याच हातात. गळा खरोखर देवानं दिलेला, खर्जातला, भरदार. आणि या दिवट्यानं तो वापरला कशासाठी? तर भिकाजीची नक्कल करायला. गाऱ्हाण्याचं सोंग हा त्याचा हुकमी आयटम. कमरेत वाकायचं, आवाज कापरा करायचा आणि देवाकडे मागायचं काय, तर थंड बियर आणि सासूला लकवा. पुण्या-मुंबईचे पाहुणे हसून लोळायचे. शनिवारी गोव्यातल्या एका बड्या हॉटेलची माणसं खास त्याला ऐकायला येणार होती. पसंत पडला तर बारा महिन्यांचं काम होतं. विनीताला सातवा लागला होता. येणाऱ्या पोराचं सगळं त्या गळ्यावर अवलंबून, म्हणून ती बिचारी आठवडाभर त्याला आल्याचा काढा पाजत होती.

तर तो मांडावर पोचला. ताडपत्री घातली, कडा दगडांनी दाबल्या. काम झालं. शहाण्यानं घरी जावं की नाही? पण माइक दिसला की याचा घसा खाजलाच. म्हटलं, शनिवारची एक तालीम करू. जनरेटर चालू केला, स्टेजवर चढला. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, वर लख्ख चांदणं, माणूस एक नाही. कमरेत वाकला आणि म्हाताऱ्याच्या आवाजात सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा."

खुर्च्यांच्या मागून आलं. दत्तप्रसाद खूश. वाडीतली पोरं माडाखाली बाटली घेऊन बसली असणार, असं त्याला वाटलं.

"होळी शनवारार न्हेलंव, रागान बघू नको! हॉटेलां भरांदेत!"

"व्हय म्हाराजा."

"ह्या होळयेच्या कामात जो कोण आडवो इलो, त्येचा त्वांड कायमचा बंद कर!"

"व्हय म्हाराजा."

या वेळी आवाज पोरांचा नव्हता. पुष्कळ माणसांचा होता. सावकाश, एका सुरात, देवळात म्हणतात तसा. आणि मागून नाही, मधल्या रांगांतून.

त्यानं माइक खाली घेतला. "कोण आसा रे थंय?"

त्यानं रांगांवरून नजर फिरवली.

"अरे, कोण आसात?"

जनरेटर फडफडत होता. त्यानं तो बंद केला. मग तर समुद्राचीही गाज ऐकू येईना. चांदण्यात खुर्च्या दिसत होत्या. रिकाम्या.

मग एक खुर्ची करकरली. प्लास्टिकच्या खुर्चीत जाड माणूस जरा सरकून बसला की करकरते, तशी. मग तिच्या शेजारची. मग पलीकडची रांग...

गाडी खुर्च्यांच्या पलीकडे होती. दत्तप्रसादनं स्टेजवरून एक पाय खाली टाकला. सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या.

उठले.

त्यानं पाय वर घेतला. पुन्हा करकर. बसले.

तेव्हा कुठे त्याच्या टाळक्यात उजेड पडला. गाऱ्हाणं सुरू झालेलं आहे. ते पुरं झाल्याशिवाय मांडावरून कुणी हलत नाही. लहान पोराला कळतं ते याला तेव्हा कळलं. मग करावं ना पुरं! पण करणार काय, कपाळ? याला शेवट येतच नव्हता. सोंगात पाचव्या वाक्याला लोक हसायचे आणि गाणं लागायचं, तोच याचा शेवट. आणि खऱ्या गाऱ्हाण्याला भिकाजी शेवटाकडे आला की हा मागे उभा राहून मोबाइल खाजवत असायचा. इतकी वर्षं त्यानं ज्याची टर उडवली, ते त्यानं एकदाही पुरतं ऐकलेलं नव्हतं.

"संपला म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा."

कुणी उठलं नाही.

"माजी चूक झाली म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"मी मस्करी केली म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

आवाज पहिल्या रांगेतून येत होता. हात लांबवला तर लागेल, इतका जवळ.

"माका घराक जांव दी म्हाराजा."

गप्प.

"बायल एकटी आसा... सातवो म्हयनो..."

गप्प...

"म्हाराजा?"

...

तो बोलत राहिला. आठवेल ते. पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. थांबला की खुर्च्या करकरत. म्हणून थांबला नाही.

इकडे विनीता फोन लावून थकली. शेवटी पहाटे उठून गेली ती कुणाकडे? समितीकडे नाही हं. भिकाजीकडे. दोघं मांडावर आली तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. दत्तप्रसाद स्टेजवर उभा होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दंवानं सगळं निथळत होतं, ताडपत्री, गाडी, त्याचे केस. खुर्च्या तेवढ्या कोरड्या होत्या. सगळ्या.

म्हाताऱ्यानं चपला काढल्या, रिकाम्या मांडाकडे तोंड करून हात जोडले आणि शेवटाचं सगळं हळू आवाजात म्हटलं. विनीता सांगते, तो गप्प झाला आणि खुर्च्या एकदम करकरल्या, मग शांत झालं. दत्तप्रसाद खाली बसला. तिनं त्याला हलवलं, "अवो, बोला मा! कायतरी बोला!" त्यानं तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर आला.

शनिवारी गोव्याची माणसं आली. हा नवीन कुर्ता घालून माइकपुढे उभा राहिला, वाटलं असेल ऐन वेळी येईल. घाम आला, आवाज आला नाही. पाहुणे थोडा वेळ थांबले, मग म्हणे मासे कुठे चांगले मिळतात? आणि गेले. समितीला त्याची लाज वाटली, दुःख नाही. अध्यक्ष म्हणाले, निदान होळीचं झाड तरी उभं करून घेऊया, लोक व्हिडिओ काढायला थांबलेत. चार जणांनी नेहमीच्या जागी खड्ड्यासाठी कुदळ मारली. हातभर खणलं आणि एकानं ओरडून कुदळ टाकली. खाली राख होती. खड्डा भरून राख, आणि तीही ऊन-ऊन. वरची जमीन तर वर्षभर कुणी उकरलेली नव्हती.

भिकाजी वाकून बघून म्हणाला, "होळी परवाच झाली. ज्येंची होती त्येनी केल्यानी. आता तुमी नाचा, काय ता करा." आणि समितीनं, खरं सांगतो, डीजे लावला.

विनीतानं मात्र पदर पसरून त्यातली मूठभर राख घेतली, अंगारा म्हणून. तिची पुरचुंडी करून नवऱ्याच्या गळ्यात बांधली, गळ्याला गुण येईल म्हणून. गुण आला नाही. मुलगी झाली, वर्षाची होत आली, तिनं बापाचा आवाज ऐकलेला नाही. तो देवबागच्या जेटीवर बोटीचे पाहुणे हातवारे करून बसवतो. उद्या जाल तेव्हा त्याच्या गळ्यातल्या पुरचुंडीला हात लावून बघा, तो नाही म्हणायचा नाही. ती अजून ऊन आहे.