अडतीस मुलांची एक विद्यार्थिनी

न्ग्वाबेनीच्या शाळेत मंगळवारी बोधपट्टी खिडकीकडच्या रांगेला मिळत असे. एका कपाळावर एक तास. तास संपला की ओल्या फडक्याने पुसायची आणि पुढच्याच्या कपाळावर बांधायची. चार वर्षांत एकाही मुलाची पाळी चुकली नव्हती. मुख्याध्यापिका बुलेल्वाबाईंना त्याचा अभिमान होता. शाळेत अभिमान बाळगावा असं दुसरं काही नव्हतंही.

पट्टीचं तत्त्व सोपं होतं. एखादी गोष्ट नीट समजली की मेंदूत विजेची एक ठरावीक लहर उठते. पट्टी ती टिपते, धडा ‘समजला’ अशी नोंद करते आणि पुढे सरकते. समजलेलं ती पुन्हा शिकवत नाही. या सगळ्या नोंदींच्या आराखड्याला बोधनकाशा म्हणत. दक्षिण आफ्रिकेत परीक्षा केव्हाच बंद झाल्या होत्या. नकाशा पाहिला की भागत असे. शहरांत प्रत्येक मुलाला स्वतःची पट्टी होती. ईस्टर्न केपच्या डोंगरातल्या शाळांना प्रत्येकी एक मिळाली, आणि ती आली म्हणून न्ग्वाबेनीतल्या दोन शिक्षकांच्या जागा रद्द झाल्या. उरल्या एकट्या बुलेल्वाबाई.

केपटाउनहून डॉ. रूबेन अडॅम्स आले, ते गाडी नदीत रुतल्यामुळे गुडघ्यापर्यंत भिजून. पट्टी बनवणाऱ्यांपैकी ते एक होते.

“लिसाखान्या कोणती?” त्यांनी आल्या आल्या विचारलं. “नऊ वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांत! प्रांतात असा दुसरा नकाशा नाही. तिला आमच्या निवासी शाळेत न्यायला आलोय.”

“ती बघा, बाहीला नाक पुसतेय ती,” बाई म्हणाल्या. “पण नकाशा तिच्या एकटीचा नाही. पट्टीने पहिल्या दिवशी एक नाव मागितलं. ही दारापाशी बसली होती, हिचं घातलं.”

“आणि पट्टी?”

“सगळेच बांधतात. पाळीपाळीने.”

डॉक्टर मिळेल त्या बाकावर बसले. “मॅडम, माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलंय. एक पट्टी, एक मूल.”

“वाचलं होतं. बाहेर सगळ्या आया उभ्या होत्या. कुणाच्या लेकराला बांधायची, ते मी दुसऱ्या पानावर शोधलं. तिथे काही नव्हतं.”

डॉक्टरांनी एकेका मुलाला व्हरांड्यात बोलावून प्रश्न विचारले. दुपार झाली. परत आले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

“लिसाखान्याला गणित ऐकलं की काय करायचं ते कळतं, गुणायचं की भागायचं. पण करता एकही येत नाही. त्या अखोनाला भागाकार येतो, तो कशासाठी करायचा ते माहीत नाही. पट्टीला वाटतंय कपाळ एकच आहे. जो धडा ज्याला आधी समजला, तो बाकीच्यांना तिने दाखवलाच नाही. तुमच्याकडे एक फार हुशार विद्यार्थिनी आहे, मॅडम. ती अडतीस तुकड्यांत बसलीय.”

बाईंनी वर्गातल्या एका रिकाम्या जागेकडे पाहिलं. “गेल्या हिवाळ्यात ल्वान्डो बापाकडे खाणीवर राहायला गेला,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून वर्गाला टक्केवारी येत नाही. मला वाटलं, मुलं विसरली.”

“पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येईल. प्रत्येकाचा वेगळा नकाशा काढून.”

“एका पट्टीवर? किती वर्षं लागतील?”

डॉक्टरांनी मनात हिशेब केला. “तीनशे बेचाळीस.”

“मग पट्ट्या पाठवा.”

“मी मागेन. शिक्षण विभाग म्हणेल, एकीवर प्रांतात पहिला नंबर आला, आणखी कशाला?”

बाई हसल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत असलं उत्तर त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की रागही येईना.

“जागा मात्र आहे,” डॉक्टर म्हणाले. “लिसाखान्याच्या नावाने मंजूर झालीय. तिथे तिला स्वतःची पट्टी मिळेल. दोन-तीन वर्षांत इतरांच्या बरोबरीला येईल. तिच्या आईचा अंगठा मी नदीपलीकडे घेतलाय. तुमची सही हवी.”

बाईंनी पेन घेतलं. ती गेली, की गणित ऐकून काय करायचं ते वर्गात कुणालाच कळणार नव्हतं. गुणाकार येणारा एक, भागाकार येणारा एक, आणि दोघंही नुसते बसून. नाही गेली, तर तिचा जन्म या डोंगरात ‘भागायचं’ एवढंच सांगण्यात जाणार. त्यांनी तिला हाक मारली.

“केपटाउनला जाशील? मोठी शाळा आहे.”

“आणखी कोण कोण येणार, मिस?”

“तू एकटीच.”

मुलीने मान हलवली. “नको. इथे मला सगळं येतं.”

‘तुला एकच गोष्ट येते, पोरी.’ एवढंच वाक्य म्हणायचं होतं. बाईंनी आजवर किती मुलांना कटू गोष्टी तोंडावर सांगितल्या होत्या. या वेळी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“नको म्हणते,” त्या म्हणाल्या. आणि आपल्याला हायसं वाटलं, हे कळून त्यांनी मान खाली घातली.

“अकरा वर्षांची आहे ती!” डॉक्टर म्हणाले. “तिचं काय ऐकता?”

“बाकीचेही अकराच वर्षांचे आहेत, बाळा.”

डॉक्टर मुलीसमोर उकिडवे बसले. “खरं सांग. एकटीने जायची भीती वाटते तुला?”

लिसाखान्याने वळून वर्गाकडे पाहिलं आणि ती थांबली.

“हो,” मागच्या बाकावरून अखोना म्हणाला. “वाटते.”